अकरा घरांचं दुपटं

लातूरचा जिल्हा झाला आणि आमची बदली नांदेडहून लातूरला झाली. नवरा कारकून, त्यामुळे बदलीचा कागद आला की ट्रंका बांधायच्या, एवढाच संसाराचा नियम. पण मला ती बदली जिव्हारी लागली. नांदेड जुना जिल्हा, निजामाच्या वेळेपासूनचा. गावाला गोदावरी, गोदावरीला घाट, आणि हायस्कुलात माझे वडील हेडमास्तर. लातूर म्हणजे आमच्या लेखी आडतीची पेठ. काल ज्या गोदामात करडईची पोती रचलेली होती तिथे आज टेबल-खुर्च्या आल्या, वर पाटी लागली, की झाला जिल्हा. पाटीचा रंग वाळायच्या आत लोक एकमेकांना साहेब म्हणायला लागले. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. इथे तर पाणीच नव्हतं, नुसता खळखळाट.

पाणी खरंच नव्हतं. दोन वर्षं पाऊस रुसलेला. विहिरींचे तळ दिसत होते, आणि टँकर गल्लीच्या तोंडाशी आला की बायका अशा धावायच्या की मला लाज वाटायची. मीही धावायची, ती गोष्ट वेगळी. फक्त कळशी कडेवर घेतल्यावर मान ताठ ठेवायची, म्हणजे धावले असं कुणाला वाटू नये.

मला शिवण येत होतं, आणि उत्तम येत होतं. आईने हातशिलाई शिकवलेली. धावदोरा घातला तर मशीनवर घातलाय की हाताने हे उलट बाजूने बघूनही कळत नसे. या एका गुणावर माझा साहेबीणबाईंच्या वर्गात शिरकाव झाला. साहेबीणबाई म्हणजे नव्या जिल्ह्याबरोबर आलेल्या एका मोठ्या साहेबांच्या पत्नी. त्यांनी महिला मंडळ काढलं आणि दर बुधवारी 'टाकाऊतून टिकाऊ' असा वर्ग भरवायला सुरुवात केली. चिंध्यांपासून तोरणं, चिंध्यांच्या बाहुल्या, चिंध्यांची पायपुसणी. एका बुधवारी टेलिफोनचं झबलं शिकवलं, खाली झालर लावलेलं. टेलिफोन असलेली त्या वर्गात एकच बाई होती, त्या स्वतः. बाकीच्या आम्ही पंधराजणी नसलेल्या टेलिफोनला झालर लावत बसलो.

टाकाऊ म्हणजे काय, हे त्यांनी आमच्या गल्लीत येऊन विचारायला हवं होतं. लुगडं मधे विरलं की ते फाडून, चांगल्या कडा जोडून, दांड घालून पुन्हा नेसायचं. दांड घातलेलं विरलं की लहान पोरींचे परकर. परकर फाटले की वाकळेच्या पोटात. वाकळ फाटली की जमीन सारवायला पोतेरं. पोतेऱ्याचाही जीव गेला की चुलीत. यात टाकाऊ कुठे बसतं ते त्यांनाच ठाऊक. हे सगळं मला दिसत होतं, मनातल्या मनात मी हसतही होते, आणि तरी दर बुधवारी नेमाने जात होते. कारण तिथे माझ्याइतकी बारीक टीप कुणाची नव्हती, आणि तसं कुणीतरी आठवड्यातून एकदा मोठ्याने म्हणावं याची मला हाव होती.

अशा दिवसांत वन्सं बाळंतपणाला आल्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यात दिलेली. सातवा महिना सरत आलेला. याआधी त्यांची दोन लेकरं गेली होती. एक जन्मतःच, दुसरं तीन महिन्यांचं होऊन. खेड्यातली विहीर आटलेली, सासरच्यांना दोन हंडे आणून देणारी बाई हवी होती आणि पोटुशी बाई ते करू शकत नव्हती, म्हणून त्यांनी वन्संना एस.टी.त बसवून दिलं. माझ्या सासूबाई आधीच वारल्या होत्या. म्हणजे वन्संचं माहेर म्हणजे दोन खोल्या आणि मी.

वन्सं फार कमी बोलायच्या. दिवसभर भिंतीला टेकून काही ना काही निवडत, टिपत, सांधत बसायच्या. असेच आठ दिवस गेले आणि एका सकाळी त्या म्हणाल्या, "वैनी, एक मागू का?"

"मागा की."

"अकरा घरच्या चिंध्या आनून द्या. दुपटं शिवायला."

मला आधी वाटलं, कापड कमी पडतंय. तसं नव्हतं. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिच्या पोटच्या पुढच्या लेकराला भिकेच्या चिंध्यांचं दुपटं घालायचं, अशी त्यांच्याकडची रीत होती. अकरा घरं हवीत आणि अकराही लेकुरवाळ्या बायकांची. चिंधी अंगावरच्या कापडाची, वापरलेली. विकत आणायची नाही, आपण होऊन कुणी दिली तर घ्यायची नाही, दारात उभं राहून, पदर पसरून मागायची. आणि मागायची ती पोटुशीने नव्हे, तिच्या माहेरच्या बाईने. भिकेवर वाढलेलं लेकरू काळसुद्धा उचलत नाही, असा त्यामागचा हिशेब.

मी हेडमास्तरांची मुलगी. मी त्यांना समजावलं. दवाखाना आहे, बाई डॉक्टर आहे, लोहाच्या गोळ्या दिल्यात, मागची लेकरं कशाने गेली तेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, त्याचा चिंध्यांशी काय संबंध?

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गोळ्या खाते की मी. तुमी चिंध्या आना."

मी निघाले. पहिलं दार मालकीणबाईंचं, आमच्याच वाड्यातलं, अंगण ओलांडलं की आलं. मालकीणबाई म्हणजे आडत दुकानदाराची बायको, गळ्यात चांदीचं लिंग, पाच मुलं, गल्लीभर ऐकू जाणारा आवाज. सगळे त्यांना अव्वा म्हणायचे. त्या आत कुणावर तरी ओरडत होत्या, टँकरवाल्याला शिव्या देत होत्या. मी दाराशी क्षणभर थांबले. डोक्यात आलं, या बाईपुढे पदर पसरून मी चिंधी मागायची? ज्या बाईला सही करता येत नाही, जिचं नुसतं बोलणं ऐकून मी रोज नाक मुरडते, तिच्यापुढे? माझ्याकडून ते होईना. खरं तर मी करूनच बघितलं नाही. तशीच वळले आणि गंजगोलाईच्या बाजारात एका शिंप्याकडे गेले. त्याच्या मशीनखाली कातरणांचा ढीग पडलेला. म्हणाला, "घेऊन जा बाई, पोतंभर पडलंय." मी सुती तुकडे वेचले. टेरिकॉट मुद्दाम टाळलं, कारण एवढ्या सगळ्या घरांतून टेरिकॉट आलं असतं तर वन्संना संशय आला असता. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, एवढी अक्कल मला होती.

पण नव्या कापडाला खळ असते. हाताला लागताच कळते. वन्सं भावाबरोबर दवाखान्यात गेल्या होत्या तेवढ्या वेळात मी ते तुकडे सोड्याच्या पाण्यात भिजवले, दगडावर घासले, पुन्हा खळबळले. दोन कळश्या पाणी गेलं. त्या वर्षी दोन कळश्या पाण्यात आमच्या घरचा दिवस जायचा. ते मी एका थापेवर ओतलं, आणि संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, आज टँकरला फार गर्दी होती.

दुसऱ्या दिवशी वन्संपुढे चिंध्या ठेवल्या. त्यांनी हात जोडले, मग एकेक उचलून विचारायला लागल्या, ही कुणाची? हे मी ठरवून ठेवलं नव्हतं. पण माझी जीभ कधी अडत नाही. लाल चौकटीची मालकीणबाईंची, म्हटलं. शेवाळी रंगाची, सगळ्यांत कळकट दिसणारी, ती साहेबीणबाईंची. मास्तरीणबाई, पोस्टातल्या बाई, समोरची कासारीण, असं करत दहा झाल्या. अकरावा तुकडा निळा, शाळेच्या गणवेशाचा. घरं संपली होती. मग आठवली ती गल्लीच्या टोकाची बाई. दुष्काळात किनवटकडून आलेली, गोदामामागे पत्र्याच्या खोलीत चार लेकरं घेऊन राहायची, खडी फोडायला जायची. तिचं लुगडं म्हणजे दांडाला दांड जोडलेला. म्हटलं, ही तिची.

"तिनंबी दिली?" वन्सं म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. मला त्यांची कीव आली, आणि खरं तेच सांगते, थोडी मजाही वाटली.

दुपटं मी जीव लावून शिवलं. पोटात सासूबाईंचं जुनं मऊ लुगडं, वर त्या अकरा चिंध्या, कडेपासून सुरू करून आत आत येत जाणारा धावदोरा, ज्वारीच्या दाण्याएवढा. वन्सं शेजारी बसून सुया ओवून देत. तेवढं सुंदर काम मी त्याआधी केलं नव्हतं. शिवताना मनात यायचं, अकरा गचाळ घरांतली मळकी फडकी गोळा केली असती तर हे असं दिसलं असतं का?

नवऱ्याला मी खरं सांगितलं. वाटलं, हसेल. तो हसला नाही. "तिला सांगू नकोस," एवढंच म्हणाला आणि पेपर तोंडापुढे धरला.

मुलगी झाली. मुलगी म्हटल्यावर सासरचं कुणी फिरकलं नाही, ते एक बरंच झालं, पाणी वाचलं. लेकरू काळंसावळं, ओरडकं, चांगलं तगडं. वन्सं तिला दुपट्यावर निजवायच्या आणि पाजून झालं की एकेका तुकड्यावर बोट ठेवून तिला सांगायच्या, ही अव्वाची, ही कासारीणकाकूची, ही टोकावरच्या मावशीची. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. महिना उलटला, लेकरू बाळसं धरायला लागलं, तशी माझी मान आणखी ताठ झाली. शिंप्याच्या कातरणांवर पोर टुणटुणीत वाढत होती. मनात म्हणायची, बघा तुमची रीत.

सव्वा महिना झाला त्या दिवशी वन्सं न्हाल्या, लेकराला न्हाऊ घातलं, काजळ लावलं, आणि म्हणाल्या, "चला वैनी."

"कुठे?"

"अकरा घरला."

रीत अर्धीच सांगितली होती त्यांनी. लेकरू जगलं की सव्वा महिन्याने ते दुपट्यासकट प्रत्येक घरी न्यायचं. ज्या बाईने चिंधी दिली तिच्या मांडीवर ठेवायचं. तिने आपल्या चिंधीवर हात ठेवून म्हणायचं, हे माझं, तुला सांभाळायला दिलं. आणि माहेरच्या बाईने सोबत असायला हवं, कारण मागितलं तिने. मी म्हटलं टँकर येईल, म्हटलं भात लावलाय, म्हटलं ऊन आहे. वन्सं उंबऱ्यात उभ्या राहिल्या, हातात लेकरू, आणि वाट बघत राहिल्या.

पहिलं दार मालकीणबाईंचं. वन्संनी लेकरू त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "अव्वा, तुमची चिंधी." मालकीणबाईंनी एकदा दुपट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पिवळ्या तुकड्यावर हात ठेवला.

"न्हाई अव्वा, ती कासारीणकाकूची. तुमची ही, लाल."

"हाव की," मालकीणबाई म्हणाल्या. "डोळ्यानं दिसंना झालंय मला. हे माझं. तुला सांभाळाया दिलं, बाय." आणि लेकराच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

मी सुटले. आणि सुटल्याबरोबर माझा तिरस्कार परत आला. काय ही बाई. कधी दिली नाही, कुणी मागितली नाही, आणि श्रेय मिळतंय म्हटल्यावर लगेच हे माझं. पुढच्या घरीही तेच. कासारणीने पिवळ्यावर हात ठेवून वर सांगितलं, ती चोळी तिने माहूरला रेणुकेच्या दर्शनाला नेसली होती. चोळी नेसत नाहीत एवढंही तिला कळत नव्हतं. मास्तरीणबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. साहेबीणबाईंना मूल मांडीवर घ्यायचं असतं हेच समजलं नाही. त्यांनी दुपटं उलटसुलट करून बघितलं, टाक्यांची तारीफ केली, म्हणाल्या, प्रदर्शनात ठेवू या, टाकाऊतून टिकाऊ. चिंधीचं विचारल्यावर म्हणाल्या, "असेल माझीच. मी देतच असते सगळ्यांना." दहा घरं झाली तोवर मला खात्री पटली की ही गल्ली वरपासून खालपर्यंत खोटी आहे. त्या सगळ्या खोटेपणाची सुरुवात कुणी केली, हे मला आठवलंही नाही. माणूस स्वतःला किती सहज वगळतो.

वन्सं मात्र गप्प होत चालल्या होत्या. प्रत्येक घरी त्यांनाच बोट ठेवून चिंधी दाखवावी लागत होती.

टोकाची बाई त्या दिवशी घरी होती. खडीचं काम बंद होतं. तिने हात धुतले, कोरडे केले, लेकरू मांडीवर घेतलं. वन्संनी निळा तुकडा दाखवला. तिने तो बोटांत धरून चाचपला, उलटून बघितला.

"हे माजं न्हाई बाय," ती म्हणाली.

"तुमचंच हाय. वैनीनं मागून आनलंय."

"माज्याकडं कुनी आलं न्हाई. मी खोटं कशी बोलू, लेकराला हात लावून? त्याला लागंल की." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागितलं असतं तर दिलं असतं."

वन्संनी लेकरू उचललं. परत येताना आम्ही दोघी गल्लीच्या दोन कडांनी चाललो.

घरी येऊन त्यांनी लेकराला उघड्या सतरंजीवर निजवलं. दुपट्याची घडी केली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. भांडणात मी कुणाला हार गेले नाही.

"किती घरं खरी, वैनी?"

"एकही नाही."

"कुठलं हाय मग?"

"शिंप्याकडचं."

 लेकरू हातपाय हलवत होतं. मग त्या म्हणाल्या, "सव्वा महिना ह्याच्यावरच निजली ती. तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा. ह्याच्यावर निजवू का उसवून टाकू? तुमी म्हनाल तसं करते."

एक वाक्य माझ्याकडे कधीचं तयार होतं. नुसतं कापड आहे वन्सं, कापडाने काही होत नाही. वडिलांच्या आवाजात, ठसक्यात म्हणायचं. ते खरंही होतं. आजही मला ते खरंच वाटतं. पण मी त्या पोरीकडे बघितलं आणि वाक्य बाहेर येईना. उद्या तिला साधा ताप आला तरी वन्सं माझ्याकडे बघणार होत्या, आणि मीही माझ्याकडेच बघणार होते. मला भीती वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. ज्या गोष्टीला मी तीन महिने हसत होते, तिची मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली ती माझ्या शब्दावर भरवसा ठेवून समोर बसलेल्या त्या बाईची.

मी सुईच्या टोकाने पहिला टाका उसवला. मग दुसरा. इतका बारीक धावदोरा घातला होता की उसवायला दुपार लागली. आतलं सासूबाईंचं लुगडं तेवढं बाजूला ठेवलं. अकरा कातरणं चुलीत घातली आणि तशीच उठून अंगण ओलांडलं.

मालकीणबाई दारातच सुपात हरभरा पाखडत बसल्या होत्या.

"अव्वा," मी म्हटलं, "वन्संच्या लेकरासाठी चिंधी हवी होती."

"मागं दिली की."

"दिली नव्हती. मी मागितलीच नव्हती."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "ते मला ठावं न्हाई व्हय? मांडीवर लेकरू ठिवून ती पोर माज्या तोंडाकडं बघत हुती. तिला न्हाई म्हनू का मी? दोन घालवल्यात तिनं." त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "टोकाच्या घरचं आलं माज्या कानावर. त्या बाईला खोटं बोलवंना, मला खरं बोलवंना. दोगी आमी लेकरापायीच बोललो. तू कुनापायी बोललीस गं?"

 त्या आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. हातात लुगड्याचा एक तुकडा घेऊन त्या उंबऱ्यापाशी आल्या. मी हात पुढे केला.

"असं न्हाई," मालकीणबाई म्हणाल्या. "आधी चप्पल काढ."

मी चप्पल काढली. अंगणातली फरशी उन्हाने तापलेली होती. मी पदर पसरला.